एकाच कढईतल्या मोकळ्या नूडल्स, पाच जणांसाठी

प्रश्न असा आला आहे: घरात पाच माणसं, त्यांत सत्तरीच्या सासूबाई आणि सहा व अकरा वर्षांची दोन मुलं. संध्याकाळी सातला कामावरून आल्यावर एकाच कढईत सगळ्यांसाठी नूडल्स करायच्या आहेत. उकडायला वेगळं पातेलं आणि गाळायला चाळणी नको. पण दर वेळी नूडल्सचा गोळा होतो, तळ लागतो, गाजर कच्चं राहतं आणि कोबी मात्र गळून जातो. पाणी किती घालायचं आणि कशानंतर काय घालायचं?

मी नाशिकला बावीस वर्षं शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुलींची खाणावळ चालवते. रविवारी रात्री आमच्याकडे पोळी-भाजीला सुट्टी असते आणि नूडल्स ठरलेल्या असतात. त्यामुळे तुम्ही लिहिलेला प्रत्येक घोटाळा माझ्या ओट्यावर कधी ना कधी झालेला आहे. सविस्तर सांगते, कारण यात एक गोष्ट नीट कळली की पुढचं सगळं आपोआप सुटत जातं.

ती गोष्ट म्हणजे पाणी. हॉटेलात नूडल्स भरपूर पाण्यात उकडतात, पाणी फेकून देतात, त्या गार करून ठेवतात आणि ऑर्डर आली की मोठ्या भट्टीवर दोन मिनिटांत परततात. कोलकात्याच्या टांगरा भागातल्या हक्का चिनी कुटुंबांच्या हॉटेलांमधून जी पद्धत देशभर पसरली, ती हीच. त्या भट्टीपुढे घरची शेगडी पासंगालाही पुरत नाही. एकाच कढईत करायचं म्हटलं की ती पद्धत सोडून द्यावी लागते आणि आपल्या खिचडीची, उपम्याची पद्धत धरावी लागते: पाणी मोजून घालायचं आणि ते सगळं आत जिरवायचं. एक थेंबही फेकायचा नाही. आपण उपम्याला अंदाजे तांब्याभर पाणी ओतून नंतर गाळत बसत नाही ना? नूडल्सचंही तेच. तुमचा गोळा होतो तो बहुतेक पाणी जास्त पडल्यामुळे. मग ते आटवायला आच वाढवता, आणि आच वाढली की तळ लागतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

आता माप. बाजारात हक्का नूडल्स म्हणून जी मैद्याची सुकी पाकिटं मिळतात, ती बहुधा दीडशे ग्रॅमची असतात. तुमच्या घराला दोन पाकिटं, म्हणजे ३०० ग्रॅम, भरपूर भाज्यांसकट पुरतात. भाज्या अर्धा किलोच्या आसपास घ्या: एक मोठा कांदा, दोन मध्यम गाजरं, दहा-बारा शेंगा फरसबी, अर्धी वाटी मटार, पाव कोबी, एक ढोबळी मिरची, मूठभर कांद्याची पात. लसूण आठ-दहा पाकळ्या, आलं बोटाच्या पेराएवढं. तेल दोन मोठे चमचे, सोया सॉस दोन मोठे चमचे, व्हिनेगर दोन छोटे चमचे, ताजी कुटलेली मिरपूड. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, छोटा म्हणजे ५ मिलीचा.

पाणी ८०० मिली. त्यातलं १०० मिली आपण उकळी आल्यावर वाटीत काढून बाजूला ठेवणार आहोत, म्हणजे नूडल्ससाठी कढईत ७०० उरतं. दर १०० ग्रॅम सुक्या नूडल्सना साधारण २३० ते २५० मिली, हा माझा हिशोब. वाटीतलं पाणी तुमची हाताशी ठेवलेली शिल्लक आहे. कमी पडलं तर ते गरमच घालता येतं आणि शिजणं थांबत नाही. कोरडं वाटतं म्हणून नळाचं गार पाणी ओतलं की उकळी मोडते, आणि उकळी परत येईपर्यंत नूडल्स त्या कोमट पाण्यात बसून बाहेरून पिठाळ होतात.

भांडं रुंद आणि जाड बुडाचं हवं. वरून ३० सेंटीमीटरची, घट्ट झाकणाची कढई उत्तम. उंच, अरुंद पातेल्यात खालच्या नूडल्स शिजून जातात आणि वरच्या कडक राहतात. पातळ ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, मंद आचेवरही ते मध्यभागी लागतं. लोखंडी कढई चालेल, पण व्हिनेगर पडल्यावर त्यात अन्न ठेवू नका, लगेच वाढून घ्या. नाहीतर रंग काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते.

आता कृती. भाज्या सगळ्या आधी चिरून घ्या. एकदा आधण उकळलं की पुढे चिरत बसायला वेळ मिळत नाही. गाजर काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडं जाड, फरसबी तिरकी आणि पातळ, कोबी लांब आणि जरा रुंद. कोबी फार बारीक चिरला तर तो गळणारच.

तेल तापलं की बारीक चिरलेला लसूण आणि आलं घाला. लसणाचा वास सुटेपर्यंतच परता, सोनेरी करू नका, पुढे उकळताना जळका लसूण सगळ्या पाण्याला कडू करतो. मग कांदा, मिनिटभर. त्यावर गाजर, फरसबी आणि मटार, दोन मिनिटं मोठ्या आचेवर. आता पाणी ओता, नेहमीचं साधं पाणी, गरम करून घेण्याची गरज नाही. एक मोठा चमचा सोया सॉस आणि पाव छोटा चमचा मीठ घाला, झाकण ठेवा.

तुमचं गाजर कच्चं राहतं त्याचं उत्तर या टप्प्यात आहे. साध्या पाण्याला उकळी यायला घरच्या मोठ्या शेगडीवर पाच-सहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात गाजर-फरसबी जवळजवळ शिजून येते. उकळतं पाणी घातलं तर नूडल्स लगेच टाकल्या जातात आणि भाजीला तो वेळच मिळत नाही. शिवाय गाजर-कांद्याची चव पाण्यात उतरते आणि तेच पाणी पुढे नूडल्स पिणार असतात. चाळणीतून मोरीत गेलेल्या पाण्यापेक्षा ही पद्धत मला जास्त आवडते, ती एवढ्याचसाठी.

झाकण उघडा. पाणी खळखळून उकळत असलं पाहिजे, काठाला बुडबुडे दिसले म्हणजे उकळी आली असं धरू नका. माझी आई चकोल्या करायची तेव्हा वरण रटरटत नसेल तर एकही चकोली आत टाकू द्यायची नाही. उकळत्या वरणात पडली की चकोलीचा बाहेरचा थर पटकन बसतो आणि ती सुटी राहते, कोमट वरणात पडली की पीठ विरघळून सगळ्या एकमेकींना धरतात. मैद्याच्या नूडल्सनाही हाच नियम. वाटीभर उकळतं पाणी बाजूला काढा आणि नूडल्सच्या लाद्या आख्ख्या, आडव्या, शेजारी-शेजारी ठेवा. मोडू नका. उलथन्याने हलकेच दाबून पाण्यात बुडवा. वरून थोडा भाग उघडा राहिला तरी चालेल.

पहिलं एक मिनिट हात लावू नका. मग लाद्या उलटा. आणखी अर्ध्या मिनिटाने त्या स्वतःहून सैल पडायला लागतात. आता दोन काटे घ्या किंवा एक चिमटा, आणि वर उचलून-उचलून त्या सोडवा. गोल-गोल ढवळू नका. या पंधरा-वीस सेकंदांत तुमची नूडल्स मोकळी होणार की गोळा, हे ठरतं. यावेळी वरचा स्टार्च नुकता फुगलेला असतो, दोन धागे चिकटलेले असले तरी सहज सुटतात. दोन मिनिटं उशीर केलात तर ते चिकटलेलेच शिजतात आणि मग ओढाल तर तुटतात. मी या वेळी फोनही घेत नाही.

सोडवून झाल्या की वर कोबी पसरा, मिसळू नका. झाकण ठेवून मध्यम आचेवर दोन मिनिटं. कोबी वाफेवर शिजतो, पाण्यात बुडत नाही, म्हणून तो गळत नाही आणि त्याला तो उग्र वासही येत नाही. झाकण काढा, खालून वर एकदा-दोनदा परता आणि कान द्या. हे मी नव्या मदतनीस मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. पाणी भरपूर असतं तेव्हा कढई खळखळते. पाणी आटत आलं की तो आवाज जाड होतो, फदफद असा. आणि पाणी संपायला आलं की चुरचुर सुरू होते, परतताना भाजीची होते तशी. फदफद संपून चुरचुर लागायच्या आत गॅस बंद करायचा. कढई जरा तिरकी केलीत तर तळाशी तीन-चार चमचे दाटसर, चकाकणारं पाणी जमलेलं दिसेल. ते तसंच राहू द्या. नूडल्सचा एक धागा तोडून पाहा. मध्ये सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला तर अगदी योग्य वेळ आहे.

ढोबळी मिरची, पातीचा हिरवा भाग, उरलेला एक चमचा सोया सॉस आणि मिरपूड आता घाला, वरखाली करा, झाकण ठेवा, तीन मिनिटं विसरून जा. तळाचं पाणी आत मुरतं, पांढरा ठिपका जातो, ढोबळी मिरची करकरीत राहूनही कच्ची लागत नाही. सर्वांत शेवटी व्हिनेगर. ते आधी घातलं तर उकळीबरोबर उडून जातं, आणि आंबटपणाने फरसबी-मटारचा हिरवा रंगही मळकट होतो.

मिठाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलं आहे. गाळायच्या पद्धतीत पाण्याबरोबर बरंचसं मीठ निघून जातं. इथे घातलेलं सगळं मीठ पोटात जाणार. दोन मोठे चमचे सोया सॉस म्हणजे, ब्रँडप्रमाणे कमी-जास्त, जवळजवळ छोटा चमचाभर मीठच. नूडल्समध्ये स्वतःचंही मीठ असतं. त्यामुळे वर सांगितलं त्याहून जास्त मीठ सुरुवातीला घालू नका, शेवटी चाखून ठरवा. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास असेल तर वरून मीठ अजिबात नको आणि सोया सॉसही एकच चमचा घाला. चवीची उणीव लसूण, मिरपूड आणि लिंबू भरून काढतात.

एकाच कढईतून पाच तोंडांच्या पाच तऱ्हा कशा सांभाळायच्या, हा घरच्या स्वयंपाकातला खरा प्रश्न. आधी मुलांचं आणि तुमचं वाढून घ्या. सासूबाईंचा वाटा कढईतच ठेवा, बाजूला काढलेलं गरम पाणी चार-पाच चमचे त्यावर घाला, झाकून मंद आचेवर आणखी दोन-तीन मिनिटं. नूडल्स मऊ होतात, गाजर दातांशिवायही चावता येतं. वाढायच्या आधी कात्रीने किंवा सुरीने दोन-दोन इंचांचे तुकडे करून द्या. लांब धागे ओढून खाणं वयस्कर माणसांना अवघड जातं, आणि ते सांगायला त्यांना संकोच वाटतो. आमच्या खाणावळीत मुलींचे आजी-आजोबा भेटायला येतात तेव्हा मी न विचारता हे करते.

तिखट कढईत घालूच नका. नूडल्स मुरत असतात त्या तीन मिनिटांत दोन हिरव्या मिरच्या चिरून तीन चमचे व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ घालून ठेवा. ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. मुलांचं पान तिखट होत नाही आणि मोठ्यांची जीभही चाळवते.

नुसत्या नूडल्स आणि भाजीवर वाढत्या मुलांचं भागत नाही, तेव्हा अंडं किंवा दुसरं काही घालाच. अंडी खात असाल तर अगदी सुरुवातीला, लसणाच्याही आधी, चार अंडी फेटून त्याच तेलात ढिसूळ परता आणि ताटलीत काढून ठेवा. शेवटी व्हिनेगरबरोबर परत घाला. पाण्यात अंडं फोडलं तर पाणी गढूळ होतं आणि नूडल्सना लगदा धरतो. कोंबडी घालायची तर बिनहाडाची, करंगळीएवढ्या पातळ पट्ट्या, २५० ग्रॅम. लसूण-कांद्यावर चार-पाच मिनिटं परतून आतला गुलाबीपणा पूर्ण गेला की मगच पुढची भाजी. पनीर शेवटी, ढोबळी मिरचीबरोबर. मोड आलेले मूग गाजराबरोबर घातले तर त्याच वेळेत शिजतात, माझ्याकडे हाच प्रकार सर्वांत जास्त संपतो. मशरूम घालणार असाल तर पाणी ५० मिली कमी करा, ते स्वतः बरंच पाणी सोडतात.

आणखी एक आपलं वळण: शेवटी सोया सॉसचा दुसरा चमचा न घालता दोन मोठे चमचे दाण्याचं बारीक कूट, सुपारीएवढा गूळ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून पाहा. गूळ वाटीतल्या गरम पाण्यात विरघळवून घ्या. कूट तळाच्या दाट पाण्यात मिसळून नूडल्सना सायीसारखं लपेटतं. सहा वर्षांच्या मुलाला सोया सॉस उग्र वाटत असेल तर हे त्याला नक्की आवडेल.

दुसऱ्या प्रकारच्या नूडल्सना हेच माप लावू नका. दोन मिनिटांच्या म्हणून मिळतात त्या वाफवून तळलेल्या असतात, त्यामुळे आत बारीक छिद्रं असतात आणि पाणी झरझर शोषलं जातं. त्या टाकायच्या आधी भाजी पूर्ण शिजलेली हवी, आणि पाकिटातला मसाला वापरत असाल तर सोया सॉस आणि मीठ दोन्ही सोडा. तांदळाच्या नूडल्स साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवून, निथळून घ्या आणि कढईत एक वाटी पाणीच ठेवा. सुक्या टाकल्या तर बाहेरून पेज होते. नाचणी-ज्वारीच्या नूडल्सना मैद्याचा चिवटपणा नसतो, त्या सोडवताना हात हलका ठेवा आणि एकदाच सोडवा. स्पॅगेटी घेतलीत तर ती नऊ-दहा मिनिटं घेते, पाणी तिच्या वजनाच्या तिप्पट-सव्वातिप्पट लागतं, आणि कोबी त्या हिशोबाने उशिरा पडतो.

कुकरमध्ये करू नका. वेळ वाचवायला अनेकजणी विचारतात, म्हणून सांगते. नूडल्सच्या स्टार्चचा फेस वर चढून शिट्टीच्या वाटेत अडकू शकतो, आणि आतलं काही दिसत नाही की ऐकू येत नाही. ज्या पदार्थात दहा सेकंदांचा फरक पडतो तो बंद भांड्यात शिजवू नये.

पाहुणे आले म्हणून माप दुप्पट केलं तर पाणी दुप्पट करू नका. हा धडा मला महागात पडला होता. खाणावळीच्या पहिल्याच वर्षी अठरा मुलींसाठी दीड किलो नूडल्स मी एका मोठ्या टोपात, ३०० ग्रॅमचं पाण्याचं माप सरळ पाचपट करून केल्या. खाली पिठलं झालं आणि वरच्या लाद्या मधून कोरड्या. त्या रात्री मुलींना दूध-पोहे दिले. पाण्याचा काही भाग नूडल्स पितात, काही वाफेवर जातो. नूडल्स दुप्पट केल्या की पिणारं पाणी दुप्पट होतं, पण वाफ भांड्याच्या तोंडावर ठरते आणि तोंड तेवढंच असतं. म्हणून ६०० ग्रॅमला १६०० मिली न घेता १३०० ते १४०० पुरतं. त्याहून जास्त करायचं असेल तर दोन घाणे काढा. मी आजही अठरा मुलींसाठी तीन घाणे काढते, पहिला घाणा संपेपर्यंत दुसरा तयार असतो.

तुमच्या कढईचं नेमकं माप पहिल्या दोन वेळांतच कळेल. गॅस बंद करताना तळाशी वाटीभर पाणी उरलं तर पुढच्या वेळी ५० मिली कमी करा; बाजूला ठेवलेली वाटी संपूर्ण लागली तर ५० वाढवा. ते माप कपाटाच्या दाराला आतून कागदावर लिहून चिकटवा, घरातलं कोणीही मग करू शकेल. अकरा वर्षांची मुलगी असो की मुलगा, नूडल्स सोडवायचं काम आता त्यांच्या हातात द्यायला हरकत नाही, फक्त वाफेपासून हात लांब धरायला शिकवा आणि झाकण स्वतः उघडा.

सकाळच्या डब्यासाठी हव्या असतील तर गॅस आणखी अर्धा मिनिट आधी बंद करा, मुरायला तीनऐवजी दोन मिनिटं द्या आणि लगेच मोठ्या ताटात पसरून वाफ जाऊ द्या. चमचाभर तेल वरून चोळा. पूर्ण निवल्यावरच डब्याचं झाकण लावा. गरमच भरल्या तर झाकणाला आतून पाणी सुटतं, ते परत खाली पडतं, आणि मधल्या सुट्टीत मुलाला तोच गोळा मिळतो. रात्रीच्या उरल्या असतील तर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी कढईत दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, झाकून मंद आचेवर वाफ आणा, आणि मोकळ्या झाल्यावरच परता.